दारात वाजवायचं नाही

मी एके काळी गिटार वाजवायचो असं सांगितलं, की लोक आधी माझ्या बोटांकडे बघतात आणि मग माझ्या घराकडे. घर बघून त्यांची खात्री पटते की थापा असाव्यात. साध्या गिटारचं त्यांना पटतं. गॅदरिंगमध्ये कोणीतरी टुणटुण करणारा असतोच. पण मी रॉक वाजवायचो. विजेची गिटार, मानेपर्यंत केस, पायात घेरदार पँट, आणि हे सगळं नागपुरात, जिथे मे महिन्यात रस्त्याचं डांबर चपलेला चिकटतं. ऐकणारा हसतो. हसू द्या, त्यात हसण्यासारखं बरंच आहे. जे हसण्यासारखं नाही ते मी आजवर कोणाला सांगितलं नव्हतं, आणि त्याचा संबंध गिटारशी थोडा आणि माझ्या बाबांशी जास्त आहे.

बाबा गिरणीत विणकर होते. आमची वस्ती अजनीच्या अंगाला, घर एका खोलीचं. लग्नसराई आली की गावाहून सांगावा यायचा आणि बाबा रजा टाकून गावी जायचे. गाव हिंगण्याच्या पलीकडे. तिथल्या लग्नांत डफडं वाजवणं आमच्या घराण्याकडे होतं. याला कोणी मान समजू नये. नाही म्हणायची सोय नव्हती, एवढाच त्याचा अर्थ. वाजवणाऱ्यांनी दाराबाहेर, मांडवाची सावली जिथे संपते तिथे उभं राहायचं. आत पंगतींवर पंगती उठायच्या आणि सगळ्यांचं झालं की उरलंसुरलं फडक्यात मिळायचं. पाच-सहा वर्षांचा असताना एकदा मी त्यांच्याबरोबर गेलो होतो. मला तहान लागली. पाणी मागायचं नाही असं बाबांनी डोळ्यांनीच सांगितलं आणि ते वाजवत राहिले.

दीक्षा झाली तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो. मैदानावरून पांढऱ्या कपड्यांत घरी आल्यावर आईनं देव्हाऱ्यातले देव टोपलीत भरले आणि बाबांनी खुंटीवरचं डफडं उतरवलं. त्यांनी ते चुलीत घातलं. कडं लाकडाचं, ते मुकाट जळलं. कातड्याची मात्र अशी घाण सुटली की शेजारीण विचारायला आली. आई म्हणाली, "काही नाही वं, जुनं जाळून राहिले."

पुढच्या उन्हाळ्यात गावाहून सांगावा घेऊन माणूस आला. बाबांनी त्याला बसवलं, पाणी दिलं, आणि सांगितलं की आम्ही वाजवणं सोडलं. गावानं त्याचा राग आजोबांवर काढला, कारण ते तिथेच राहत होते. विहीर बंद झाली, दुकानदार मीठ देईना. शेवटी म्हातारा एक गाठोडं घेऊन आमच्या खोलीत आला आणि दोन वर्षांत गेला. मरेपर्यंत त्यांनी बाबांना एका शब्दानं दोष दिला नाही. बाबांनीही आपला शब्द मागे घेतला नाही. आमच्या घरात वाजवणं सोडण्याची किंमत अशी मोजली गेली होती.

आणि मी, त्यांचा एकुलता एक मुलगा, वाजवणारा निघालो.

कॉलेजात मी शिष्यवृत्तीवर होतो. माझ्या बाकावर एका वकिलाचा मुलगा बसायचा. त्याचा मामा विलायतेहून तबकड्या आणायचा. त्याच्या घरी मी पहिल्यांदा ती गिटार ऐकली, तेव्हा मला दिव्य वगैरे काही वाटलं नाही. मला राग आला. जगात हे इतकी वर्षं चालू होतं आणि मला कोणी सांगितलं नाही, याचा राग. तारेवर बोट दाबून ती तार आडवी ओढली की सूर रडवेला होऊन वर चढतो, हे मी त्या दुपारी ऐकलं आणि अभ्यासातून उठलो तो उठलोच.

त्या दिवसांत अजनीच्या रेल्वे क्वार्टरमधली ख्रिस्ती कुटुंबं एकेक करून ऑस्ट्रेलियाला निघाली होती. एका गार्डसाहेबानं सामान विकायला काढलं, त्यात विजेची गिटार होती. माझी सहा महिन्यांची शिष्यवृत्ती तिच्यात गेली. घरी आणून खाटेवर ठेवली. बाबा पाळी संपवून दुपारी आले, त्यांनी ती पाहिली, हात लावला नाही. दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी जेवताना त्यांनी विचारलं, "हे कुठं वाजवशीन?"

"हॉलमधे, बाबा. लोक तिकीट काढून येतीन."

"बसून ऐकतीन?"

"हो."

"आन तू?"

"मी स्टेजवर राहीन."

भाकरीचा तुकडा त्यांनी बराच वेळ वरणात फिरवला. मग म्हणाले, "ज्याले ऐकाचं हाये तो येईन तुह्याकडं. त्याच्यासाठी वाजव, मी नाही म्हनत नाही. पन कोनाच्या दारात जाऊन वाजवाचं नाही. लग्नात तं नाहीच. शब्द दे मले."

मी दिला. एकोणीस वर्षांच्या पोराला शब्द द्यायला काय लागतं? मला तेव्हा वाटत होतं की लग्नात वाजवणारे वेगळे आणि मी वेगळा. माझी गिटार सातासमुद्रापलीकडची, तिचा आणि त्या जळक्या कातड्याचा काय संबंध?

आम्ही चौघं होतो. वकिलाचा मुलगा गायचा, मी मुख्य गिटार, दुसरे दोघं क्वार्टरमधले. वकीलसाहेबांच्या गॅरेजमध्ये सराव चालायचा. तारा कलकत्त्याहून पोस्टानं यायच्या, आणि मध्येच तुटली की सायकलच्या ब्रेकच्या केबलमधला एक पदर सोडवून तो चढवायचो. त्यानं बोटं सोलून निघायची. गाणी तबकडीवरून बसवायची, म्हणजे सुई शंभर वेळा उचलून मागे ठेवायची. अँप्लिफायर सीताबर्डीच्या एका रेडिओ दुरुस्तीवाल्यानं बनवून दिला होता. गिटार बंद असली तरी तो घोंघावायचा.

पहिला मोठा कार्यक्रम हॉलमध्ये झाला तेव्हा बाबांना मी पहिल्या रांगेत बसवलं. पांढरा शर्ट, पांढरी टोपी, गुडघ्यांवर हात. आमच्या आवाजानं हॉलच्या काचा थरथरत होत्या. बाबा स्टेजकडे बघतच नव्हते. ते मागे वळून लोकांकडे बघत होते. तिसऱ्या गाण्याला कॉलेजची पोरं खुर्च्या सरकवून नाचायला उठली, तसे बाबा कासावीस झाले. मध्यंतरात त्यांनी मला गाठलं.

"हे लोक उठले काहून? आवडलं नाही का त्यायले?"

"आवडलं म्हणून तं उठले, बाबा."

"आवडल्यावर मानूस बसते," ते म्हणाले. तरी घरी जाताना सायकलच्या दांड्यावर हात ठेवून चालत चालत ते दोनदा म्हणाले की हॉल भरला होता. मी माझ्या सगळ्या आयुष्यात त्यांना इतकं खूश पाहिलं नाही, आणि त्यांना कोणतं गाणं आवडलं हे मी विचारलंही नाही.

पुढे मुंबईला एका स्पर्धेला गेलो. आमच्या मते आम्ही जिंकूनच येणार होतो. तिथे यजमानांचा एक ऑर्गन होता आणि प्रत्येक संघानं एक गाणं त्याच्या साथीनं वाजवायचं होतं. आम्ही सुरू केलं आणि दुसऱ्याच ओळीला सभागृह हसू लागलं. आमचा सूर ऑर्गनच्या सुराला लागेचना. एका परीक्षकानं नंतर नीट समजावलं: आमची सगळी गाणी अर्धा सूर खाली बसली होती. वकिलाच्या घरचा ग्रामोफोन जुना होता, त्यात आमच्याकडची मरतुकडी वीज. तबकडी हळू फिरायची. चार वर्षं आम्ही त्या आजारी यंत्राला गुरू मानून तारा लावत होतो. बाकीचे तिघं परतीच्या गाडीत या गोष्टीवर हसले. मला हसू आलं नाही. त्यांच्यासाठी ते कॉलेजचे दिवस होते. मी मात्र बीएस्सीला दोनदा नापास झालो होतो आणि माझ्याकडे दुसरं काही नव्हतं.

झालंही तसंच. वकिलाचा मुलगा बॅरिस्टर व्हायला गेला. क्वार्टरमधले दोघं आपापल्या घरच्यांबरोबर ऑस्ट्रेलियाला गेले. जाताना तिघांनीही मला मिठी मारून 'सोडू नकोस' असं सांगितलं. जाणाऱ्याला असं सांगणं फार सोपं असतं.

मग ऑर्केस्ट्रा. सिनेमाची गाणी, चमकीचे शर्ट, निवेदकाचे शिळे विनोद. मधल्या संगीतात मला दोन मिनिटं मोकळी मिळायची. तेवढ्यात मी माझं काय ते वाजवून घ्यायचो, आणि बाल्कनीतून शिट्ट्या यायच्या. तरीही तो हॉल होता, तिकीट होतं, लोक बसलेले होते. माझं लग्न झालं, मुलगी झाली, आई गेली. बाबांना गिरणीनं घरी बसवलं. आणि बघता बघता तिकीट काढून गाणी ऐकणारे लोकच संपले. कॅसेट आली, पुढे टीव्ही आला. ऑर्केस्ट्राच्या मालकानं एक दिवस सरळ सांगितलं की आता कामं फक्त लग्नांची, यायचं तर ये.

मी गेलो नाही. दीड वर्ष गेलो नाही, हे मला इथे सांगू द्या, कारण पुढचं सांगताना ते कोणाच्या लक्षात राहणार नाही. रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात बसलो, वह्या-पुस्तकं विकली, लोकांच्या मुलांना गिटार शिकवायला प्रताप नगरपर्यंत सायकल हाणली. चार तोंडं होती. बाबा दुपारचं जेवेनासे झाले, भूक नाही म्हणायचे. भूक नसलेला माणूस ताटाकडे असा बघत नाही.

शेवटी एका बँडवाल्याकडे गेलो. त्याच्याकडे लाल कोटवाले पंधरा जण होते, पितळी वाद्यं, ढोल, एक क्लॅरिनेट. लोकांना आता नुसत्या पिपाण्या नको होत्या, गिटार हवी होती. त्यानं हातगाडीवर मोटारीच्या दोन बॅटऱ्या, अँप्लिफायर आणि वर दोन भोंगे बसवले. दोघं गाडी ढकलणार, आणि तिला वायरनं बांधलेला मी तिच्या बाजूनं चालणार. वायर चार हात लांब. तेवढंच माझं स्टेज.

घरी सांगितलं की हिंगण्याला कंपनीत लागलो.

हिंगण्याचं नाव मी का घेतलं, हे उघड आहे. तिथे कारखाने उभे राहत होते, वस्तीतली पोरं कंपनीच्या बसनं जात होती, आणि बाबांच्या लेखी त्याहून मोठी गोष्ट नव्हती. ज्या वाटेनं डफडं घेऊन जायचं, त्याच वाटेनं पोरगा डबा घेऊन जातो. त्यांनी वस्तीभर सांगितलं. रोज सकाळी स्वतः माझी पाण्याची बाटली भरून सायकलला अडकवायचे. मी सायकल घेऊन निघायचो आणि बँडच्या दुकानात जाऊन बसायचो. लग्नं नसली की तिथेच भोंगे नि अँप्लिफायर दुरुस्त करायचो. कोट आणि गिटार दुकानातच ठेवायचो; गिटार विकली असं घरी सांगितलं होतं. संध्याकाळी निघताना शर्टाच्या बाहीला थोडं मशीनचं तेल लावायचो.

खोटं बोलायला अक्कल लागते आणि बाबा तीस वर्षं मशीनवर राबलेले. कोणती मशीन, पट्टा कुठून फिरतो, ड्युटीवर किती जण, सगळं विचारायचे. मी हिंगण्याला जाणाऱ्या एकाला चहा पाजून उत्तरं आणायचो. माझ्या डाव्या हाताच्या बोटांवर तारेचे घट्टे होते. एकदा त्यांनी ती बोटं उजेडात धरून पाहिली आणि म्हणाले, "लोखंड लागून राहिलं तुले." त्यांच्या आवाजात समाधान होतं.

बायकोला सगळं ठाऊक होतं. ती म्हणायची, "सांगून टाका नं जी त्यायले. चोरी थोडीच करता?"

"चोरी केली असती तं सांगितलं असतं," मी म्हणायचो. तिला ते वाकडं उत्तर वाटायचं. मी मात्र सरळच बोलत होतो. चोरी त्यांनी पोटासाठी म्हणून समजून घेतली असती.

अशी जवळजवळ सात वर्षं गेली. टोपी कपाळावर ओढून मी शहरातल्या किती दारांपुढे वाजवलं याची गणती नाही. आमच्या वस्तीच्या आसपासची कामं टाळायचो, एवढाच माझा नियम. कुठल्या घरचं लग्न आहे हे मालक सांगायचा नाही आणि मीही विचारायचो नाही. निघायची जागा कळली की पुरे. पोचायची जागा घोड्यामागून चालणाऱ्याला आपोआप कळते.

त्या वर्षी चैत्रात एक म्हातारे गृहस्थ आमच्या घरी आले. बाबांच्या शेजारच्या मागावर तीस वर्षं काम केलेले, महाल भागातले, भोसल्यांच्या काळापासून तिथे राहणाऱ्या घरातले. सुरुवातीची बरीच वर्षं दोघांचे पाण्याचे माठ वेगळे होते. पुढे एक झाले ते कोणाच्या भाषणानं झाले नाहीत, एकत्र घाम गाळून झाले. ते पत्रिका घेऊन आले होते. नातीचं लग्न. आमच्या खाटेवर बसून त्यांनी चहा घेतला आणि म्हणाले, "सकाळपासून याचं गा. पावन्यासारखं जेवाच्या टायमाले नाही याचं. घरचं कार्य हाये."

ते गेल्यावर बाबा पत्रिका हातात घेऊन बराच वेळ बसले. लिहिता-वाचता त्यांना जेमतेम यायचं, पण पत्रिकेवर त्यांचं नाव लिहिलं होतं आणि नावापुढे श्रीयुत होतं. त्यांनी नवं धोतर घेतलं. ते इस्त्रीला स्वतः नेऊन दिलं. मला म्हणाले, "तूबी चाल ना गा. पाहाय तं खरं, त्याच्या घरी मले कसं बसवते."

"ड्युटी हाये बाबा."

"एक दिवसाची सुटी भेटत नाही?"

"नाही भेटत."

"हो," ते म्हणाले. "कंपनी म्हनल्यावर नाही भेटत." आणि या गोष्टीचाही त्यांना अभिमान वाटला.

पत्रिका मी उघडून पाहिली नाही. पाहिली असती तर वराचं घर सक्करदऱ्याचं आहे हे कळलं असतं. पण त्या पत्रिकेकडे बघायचंच मला जमत नव्हतं. त्या दिवशी मुहूर्त दांडगा होता, शहरात जिकडे तिकडे मांडव. मालकानं सांगितलं, वरात सक्करदऱ्याहून. मी कोट चढवला.

ऊन डोक्यावर होतं. तलावाच्या बाजूनं निघालो, घोडा पुढे, नाचणारे मध्ये, आम्ही मागे. गिटार तापून हाताला चटके बसत होते. वरात महालाकडे वळली. महालात आज दहा लग्नं असतील, असं मी स्वतःला सांगितलं. गल्ली अरुंद होत गेली. शेवटी मांडवाचं दार दिसलं, आणि दारात वधूकडची वडीलधारी माणसं गुलाबपाणी नि हार घेऊन ओळीनं उभी होती. ओळीत तिसरे बाबा होते.

नवं धोतर, पांढरी टोपी, हातात गुलाबदाणी. ते येणाऱ्या प्रत्येकावर अगदी मोजून, दोनच थेंब शिंपडत होते. तोंडावर असं काही होतं जे मी हॉलमध्ये एकदाच पाहिलं होतं.

हात मोकळे असते तर मी तोंड झाकलं असतं. पण नवरदेव घोड्यावरून उतरेपर्यंत वाद्य थांबवायचं नाही, हा बँडचा नियम. मागे ढोल, पुढे घोडा, कंबरेला वायर. मी मान खाली घालून वाजवत राहिलो. गिटारचा आवाज मात्र मान खाली घालत नाही. भोंग्यातून तो सगळ्या गल्लीत पसरला होता, आणि बाबा तो घरात वर्षानुवर्षं ऐकत आले होते. मी वर पाहिलं तेव्हा ते माझ्याकडेच बघत होते. गुलाबदाणी त्यांनी शेजारच्याच्या हातात दिली होती.

आमच्याकडे नवरदेव दारात आला की लोक त्याच्यावरून नोट ओवाळतात आणि ती वाजवणाऱ्याला देतात. वरपक्षाचे देऊ लागले, मग वधूकडचे. ज्याचे हात वाद्यात गुंतलेत, त्याच्या ओठांत नोट अडकवतात. यात कोणाला काही वाटत नाही, आम्हालाही वाटत नव्हतं. पत्रिका घेऊन आलेल्या त्या म्हाताऱ्यांनी ओवाळलं आणि बाबांच्या पाठीवर हात ठेवून त्यांना पुढे केलं. "या नं गा, तुमीबी ओवाळा. तुमची नात हाये."

ते प्रेमानं म्हणाले. जगात त्या क्षणी बाबांना इतका मान देणारं दुसरं कोणी नव्हतं.

बाबांनी खिशातून नोट काढली, घडी उलगडली, नवरदेवावरून तीनदा ओवाळली. क्लॅरिनेटवाल्यानं सवयीनं हात पुढे केला. बाबा त्याला ओलांडून हातगाडीपाशी आले आणि माझ्यासमोर उभे राहिले. नोट त्यांनी माझ्या तोंडाकडे नेली नाही. छातीपुढे धरली आणि थांबले. मी वाजवतच होतो. काय वाजवत होतो देव जाणे. आणि आमच्या घरात देवही नव्हता.

"घे," ते म्हणाले. ओरडून नाही, रागानंही नाही.

मी वाजवणं थांबवलं आणि नोट हातात घेतली. नोट घेतल्यावर ती कपाळाला लावून मान लववायची असते. मी कपाळाला लावली, मान लववली. ते मुद्दाम केलं असतं तर एक वेळ मी सोसलं असतं. ते सवयीनं झालं.

बाबा वळले आणि आत गेले. त्यांच्या मित्रानं त्यांना पहिल्या रांगेत पंख्याखाली खुर्ची दिली. दारातून मला त्यांची पाठ दिसत होती. मांडवाची सावली माझ्या बुटांच्या आधीच संपली होती. जिथे उभं राहायला बाबांनी नकार दिला आणि त्यापायी आजोबांना गाव सोडावं लागलं, तिथेच मी लाल कोट घालून, स्वतःच्या पायांनी चालत येऊन उभा होतो.

त्यांनी मला लाजवलं, असं मी बरीच वर्षं समजत होतो आणि मनातून त्यांच्यावर चिडलोही होतो. आता त्यांच्या वयाला आल्यावर वेगळं वाटतं. त्या दारात 'हा माझा मुलगा' म्हटलं असतं, तर ते पाहुणे राहिले नसते, वाजवणाऱ्याचे बाप झाले असते. आयुष्यात एकदा मिळालेली ती खुर्ची त्यांनी धरून ठेवली. क्लॅरिनेटवाल्याला नोट देऊन ते माझ्याकडे न बघता आत जाऊ शकले असते. पण तेही त्यांनी केलं नाही. यापलीकडे मला काही कळत नाही.

संध्याकाळी मी नेहमीच्या वेळी घरी गेलो, बाहीला तेल लावून. का लावलं ते विचारू नका. बाबा खाटेवर होते. लग्न कसं झालं म्हणून बायकोनं विचारलं होतं, आणि ते तिला पंगतीतले पदार्थ सांगत होते. मला पाहून म्हणाले, "जेवून घे." मला मारलं असतं तरी चाललं असतं. ते रागावतील म्हणून मी महिनाभर वाट पाहिली. दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या सायकलला पाण्याची बाटली भरून अडकवलेली होती.

बँड मी त्याच आठवड्यात सोडला. गिटार प्रताप नगरच्या एका शिकणाऱ्याला देऊन टाकली. बायकोच्या भावाच्या पाया पडून, त्रेचाळिसाव्या वर्षी, हिंगण्याच्या एका कारखान्यात हेल्पर म्हणून लागलो. खरोखर लागलो. पहिल्या दिवशी कंपनीच्या बसमध्ये खिडकीपाशी बसलो आणि मला कोणालातरी सांगावंसं वाटलं. संध्याकाळी सीताबर्डीवर उतरून संत्रा बर्फीच्या दुकानापुढे उभा राहिलो. घरी नेऊन कशाची म्हणून देणार होतो? तसाच घरी गेलो.

बाबा दारात शेजाऱ्याशी बोलत बसले होते. शेजाऱ्याचा मुलगा नुकताच कुठेसा नोकरीला लागला होता आणि तो ते कौतुकानं सांगत होता. बाबांनी त्याचं ऐकून घेतलं.

"आमचा हिंगण्याले हाये," ते म्हणाले. "सात वर्स होऊन राहिले." मग माझ्याकडे वळून त्यांनी विचारलं, "नाही का गा?"

"हो बाबा," मी म्हणालो. "सात."